मागाच्या शेडमध्ये कार्यक्रम ठरला की

बेळगावच्या वडगावातली आपली कार्यक्रमाची जागा मुळात मागाची शेड. माग गेले, पत्रे राहिले, म्हणून पहिली नजर आभाळाकडे. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की गाणाऱ्याचा खर्ज कुणालाच ऐकू येत नाही. त्या महिन्यांत हलगी नाहीतर भजनी मंडळ बोलवावं, ख्याल आणि कवितावाचन दिवाळीनंतर.

स्पीकरच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात वेळेआधी जावा, आणि कन्नडमध्येच लिहून न्यावा, काम लवकर होतं. रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. त्यामुळे क्रम लावताना एकच बघायचं: कुणाची बस आधी सुटते? खानापूरकडच्या खेड्यातली मंडळी पहिली, शहरातले आपण शेवटी. मोठ्या नावाचा कलाकार आधी गाऊन गेला तर काही बिघडत नाही, पण बस चुकलेला ढोलकीवाला रात्र स्टँडवर काढतो. पत्रकावर मराठी आणि कन्नड दोन्ही, अक्षर सारख्याच आकाराचं. आणि प्रत्येकाचं नाव तो स्वतः लिहितो तसंच.

वाद्यांचं आधी विचारून घ्यावं. पखवाजाला कणीक लागते, ती मळून ओल्या फडक्यात झाकून ठेवावी. हलगी तापवायला मागच्या अंगणात थोडं जळण आणि शेजारी पाण्याची बादली. चौंडक्याचा आवाज गाण्याच्या माईकवर येत नाही, काखेतल्या वाद्याजवळ दुसरा माईक खाली धरावा लागतो. वीज गेली तर? इन्व्हर्टरवर दिवे आणि एक माईक एवढंच चालेल, हे आदल्या दिवशी लावून बघावं.

सौंदत्तीकडच्या जोगती, म्हणजे यल्लमादेवीला वाहिलेल्या, बाई म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी, येणार असतील तर त्यांना स्वतंत्र खोली, आतून कडी लागणारी, आरशासकट. देवीचा जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची देवीची टोपली, ठेवायला स्वच्छ पाट, वर्दळीपासून दूर. मागे एकदा मी त्यांना कपडे बदलायला पुरुषांच्या बाजूला पाठवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आल्या त्याच साडीत गायल्या. ते मला अजून सलतं. जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगतींना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण कडी लावायची खोली आपल्याकडे नव्हती. आता आहे, आणि त्या दिवशी तिथे खुर्च्या रचून ठेवायच्या नाहीत.

जाजम, चहा, झुणका-भाकरी हे तुम्ही जाणताच. चहा मात्र वादकांना आधी.

मानधनाचं पाकीट गाण्याआधी हातात द्यायचं, दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर नाही. तिकिटं खपली नाहीत तरी आकडा बदलायचा नाही. कमी पडलं तर आपल्यातच वर्गणी काढायची. परतीच्या गाडीवाल्याला साडेनऊलाच दारात उभा करा.