उंदरांच्या स्तनातली गाठ जीन्सची की दुधाची, कसं शोधायचं

उंदरांच्या एखाद्या स्ट्रेनमधे (पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यातच वाढवलेल्या जातीत) आई, मुलगी, नात सगळ्यांना स्तनात गाठी येतात म्हणून लगेच आनुवंशिक आहे असं लिहून मोकळं होऊ नका, कारण आईकडून जीन्स येतात तसं दूधही येतं.

आधी उलटसुलट क्रॉस लावा. एका केजमधे जास्त गाठींच्या सीथ्रीएच स्ट्रेनची मादी आणि कमी गाठींच्या सी५७ब्लॅकचा नर, दुसरीत बरोबर उलट. दोन्हीकडच्या मुलींचे जीन्स सारखेच असतात, तरी गाठी आईच्या स्ट्रेनप्रमाणे आल्या तर जीन्सशिवाय काहीतरी आईकडून येतंय. १९३३ मधे अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीने असंच पाहिलं, आणि १९३६ मधे तिथलेच संशोधक बिटनर यांनी ते दुधात असल्याचं दाखवलं. ते म्हणजे पुढे एमएमटीव्ही (माऊस मॅमरी ट्यूमर व्हायरस) निघाला, हा रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या डीएनएत आपली प्रत घुसवणारा व्हायरस.

मग दूध बदला. सीथ्रीएचची पिल्लं कमी गाठींच्या मादीकडे द्या आणि तिची पिल्लं इकडे, पण आईचं दूध तोंडात जायच्या आत, नाहीतर सगळी मेहनत वाया, म्हणून मी तर सिझेरियनच करा म्हणेन. शिवाय काही पिल्लं त्याच स्ट्रेनच्या दुसऱ्या आईकडेही ठेवा, म्हणजे नुसत्या अदलाबदलीचा परिणाम वेगळा कळतो. व्यायलेल्या आणि न व्यायलेल्या माद्यांची नोंद वेगवेगळीच ठेवा, हॉर्मोन्सनी व्हायरस जोर धरतो, ए स्ट्रेनमधे हा फरक फार ठळक दिसतो.

आता खरी गोची. दूध बदलूनही सीथ्रीएचमधे थोड्या गाठी येतातच, फक्त उशिरा, कारण एमटीव्ही-१ नावाचा प्रोव्हायरस (डीएनएत घुसून राहिलेली याच व्हायरसची प्रत) त्यांच्या क्रोमोसोममधेच बसलाय. जीआर स्ट्रेनमधे एमटीव्ही-२ आहे, तो बापाकडूनही येतो, तिथे दूध बदलून गाठी थांबत नाहीत. म्हणजे व्हायरसच, पण वारशाने आलेला!

म्हणून शेपटीच्या डीएनएवर साधा पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधायची चाचणी) व्हायरससाठी पॉझिटिव्ह आला तर हुरळून जाऊ नका, बहुतेक लॅब उंदरांमधे असे जुने प्रोव्हायरस असतातच. प्रायमर (कुठला तुकडा शोधायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) असे घ्या की बाहेरून आलेला व्हायरस वेगळा ओळखू येईल, व्हायरसच्या सॅग जीनचा शेवटचा भाग त्यासाठी चांगला, आणि शक्य असेल तर दुधातला आरएनए तपासा. आणि दूध बदललेल्या गटाला दीड-दोन वर्षं तरी बघत राहा, लवकर थांबलात तर उशिरा येणाऱ्या गाठी सुटतात.