शेतकरी कंपनीच्या वेबसाइटवर सभासदांसाठी लॉगिन कसं बनवावं

औसा किंवा उदगीर तालुक्यातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी धरा. सभासद सोयाबीन आणतात, काटा होतो, वजन-भावाच्या हिशेबाची पट्टी निघते. पुढे संचालकांच्या मनात येतं की ज्याची पट्टी त्याला मोबाइलवर दिसावी, आणि काम गावातल्याच बीसीए झालेल्या पोराच्या गळ्यात पडतं. हा लेख त्याच्यासाठी.

आधी खातं कुणाचं ते ठरवा

ई-मेलवर विसंबू नका. बऱ्याच जणांचा ई-मेल कुणीतरी फॉर्म भरताना काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. मोबाइल नंबर त्यापेक्षा बरा, पण तोही कायमचा नाही. रिचार्ज थांबला की नंबर बंद होतो आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. त्या नव्या माणसाला आपल्या सभासदाची पट्टी दिसायला नको. म्हणून खात्याची मूळ ओळख सभासद क्रमांक ठेवा. मोबाइल नंबर त्याला जोडलेला, पण बदलता येणारा असावा.

दोघा भावांत एकच फोन असेल, तर एका नंबराला दोन सभासद जोडू द्या आणि आत आल्यावर कुणाचं खातं बघायचं ते विचारा. मात्र त्यासाठी दोघांचीही सही घ्या. आधार क्रमांक मागू नका. पट्टी दाखवायला तो लागत नाही, आणि जे साठवलंच नाही ते चोरीलाही जात नाही.

नंबराच्या चौकटीत लोक +९१ लिहितात, आधी शून्य लावतात, मधे जागा सोडतात, मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडेही टाकतात. हे सगळं मुकाट्याने घ्या आणि साठवताना एकाच रूपात आणा. ‘चुकीचा नंबर’ म्हणून माणसाला परत पाठवू नका.

ओटीपी

पहिल्यांदा आत घ्यायला ओटीपी सोयीचा. एसएमएस पाठवायला टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (संस्थांच्या एसएमएसची नोंदणी होते ती वेबसाइट) संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते. हे कागदपत्रांचं काम कोडच्या आधी सुरू करा, नाहीतर साइट तयार आणि एसएमएस अडकलेला, अशी गत होते.

सहा आकडी ओटीपीचे १० लाख पर्याय असतात. माणसाला हे खूप वाटतं, आपोआप एकामागून एक आकडे टाकणाऱ्या स्क्रिप्टला नाही. म्हणून एका ओटीपीवर पाचच प्रयत्न, मुदत पाच मिनिटं, आणि एकदा वापरला की रद्द. आकडे साध्या रँडम फंक्शनने नव्हे, सुरक्षित रँडमने काढा, म्हणजे पुढचा आकडा कुणाला ताडता येणार नाही. पाठवण्यावरही मर्यादा हवी, कारण प्रत्येक एसएमएसचे पैसे कंपनीच्या खिशातून जातात. आणि सर्व्हरच्या उत्तरातच ओटीपी ब्राउझरकडे पाठवून तिथेच तपासणं, हा प्रकार नवख्यांच्या कोडमध्ये फार दिसतो. तिथे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगलेली असते.

पासवर्ड ठेवायचाच असेल तर

जसाच्या तसा साठवू नका. आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या पद्धतीने हॅश करून ठेवा, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही अशा रूपात. जँगो आणि लारावेल या वेबसाइट बनवायच्या तयार चौकटींमध्ये ही सोय तयार मिळते, तीच वापरा. इथे स्वतःची हुशारी महागात पडते.

बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतं. देवनागरीचं एक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपली, आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. शिवाय ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘र’ला खाली टिंब जोडूनही. दिसायला सारखेच, बाइट वेगळे. हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी रूप करून घ्या, त्यात अशी दोन रूपं एकच होतात, नाहीतर नव्या फोनवर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरेल.

एक कॅपिटल, एक आकडा, एक खूण, दर तीन महिन्यांनी बदल, असली सक्ती नको. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनेही २०१७ मध्येच ती सोडून द्यायला सांगितलं. लांबी मागा, आणि चोरी होऊन फुटलेल्या पासवर्डांच्या यादीतला असेल तर नाकारा.

आत आल्यानंतर

लॉगिन होताच नवा सेशन आयडी द्या, म्हणजे आत आलेल्या माणसाची सर्व्हरने ठेवलेली खूण. ती ब्राउझरमध्ये ज्या कुकीत राहते, तिच्यावर एचटीटीपी-ओन्ली (पानातल्या स्क्रिप्टला वाचता येऊ नये), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जावी) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत जाण्यावर बंधन) हे तिन्ही लावा. साइट अर्थातच एचटीटीपीएसवर. स्वतःच्या फोनवर सेशन महिनाभर टिकलं तरी चालेल. बाहेर पडताना मात्र सेशन सर्व्हरवरून पुसा, नुसती कुकी काढून भागत नाही.

खरी फजिती पुढे आहे. पट्टीच्या पानाच्या वेब-पत्त्यात शेवटी १०४३ असा आकडा दिसतो. एखाद्याने त्याचा १०४४ केला आणि शेजाऱ्याची पट्टी उघडली, तर लॉगिन कितीही भक्कम असो, उपयोग शून्य. कुणाचा माल किती भरला, ओलावा किती धरला, भाव काय लागला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत झालेलं असेल. म्हणून प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर तपासा, ही पट्टी याच सभासदाची आहे का. बटण लपवणं म्हणजे तपासणं नव्हे.

नंबर बदलला तर

हे काम कार्यालयातूनच करा. सभासद समोर, ओळखपत्र हातात, नव्या नंबरावर ओटीपी, जुन्या नंबरावर सूचना, आणि जुनी सगळी सेशन बंद. फोनवरून ‘मी अमक्याचा पोरगा बोलतोय’ म्हणणाऱ्याला नंबर बदलून देऊ नका, मग तो ओळखीचा का असेना.

काट्यावरच्या संगणकावर सगळ्यांचा मिळून एकच ‘अॅडमिन’ ठेवण्याची पद्धतही सोडा. प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं वेगळं आणि त्यावर ओटीपीसारखी दुसरी तपासणी हवी. पट्टीतला आकडा कुणी, कधी बदलला याची नोंद राहिली पाहिजे. काम सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.

सुरू करण्याआधी दोन खोटे सभासद बनवून दोन फोनवर आत जा. एकाच्या फोनवरून दुसऱ्याची पट्टी उघडून बघा, सहाव्यांदा ओटीपी टाकून बघा, बाहेर पडून मागे जायचं बटण दाबून बघा. मग सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा आणि तिच्यात ओटीपी किंवा पासवर्ड उमटलेत का ते शोधा.