'ट्रीट्स'वरची मतं कशी वाचायची: आवाज मुद्दाम फाडलेल्या एका अल्बमची परीक्षणं आणि चाहते

स्ले बेल्स या ब्रुकलिनच्या जोडीचा 'ट्रीट्स' हा पहिला अल्बम मे २०१० मध्ये आला. गिटार आणि बीट्स डेरेक मिलरचे, आवाज अलेक्सिस क्राउसचा. गाणी ११, वेळ जेमतेम ३२ मिनिटं. पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळानं दहापैकी ८.७ गुण दिले, बिलबोर्ड २०० या अमेरिकी अल्बमांच्या यादीत अल्बम ३९ व्या क्रमांकावर पोचला. 'कमाल आहे' आणि 'स्पीकर फाटलाय' ही दोन मतं तेव्हापासून शेजारी नांदतात, आणि दोन्ही एकाच गोष्टीबद्दल असतात. त्यामुळे प्रत्येक मत वाचताना आधी एवढंच पाहायचं: लिहिणाऱ्याला आवाजाचं फाटणं (डिस्टॉर्शन) चूक वाटलंय की गाण्याचाच भाग?

वाचण्याआधी अल्बम ऐकावा लागतो, आणि पहिली गफलत तिथेच होते. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय आधीपासून चालू असते. स्पॉटिफायवर ती साधारण उणे १४ लफ्स (ऐकू येणारा आवाज किती मोठा, हे मोजायचं एकक) ही पातळी धरते. 'ट्रीट्स'सारखा कर्कश अल्बम त्यात खाली ओढला जातो. फाटणं मात्र जात नाही, कारण लहरींचे शेंडे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगमध्येच कापले गेलेत. नंतर आवाज कमी केला म्हणून ते परत उगवत नाहीत. म्हणजे खरखर राहते आणि धक्का जातो. सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय बंद करा, मग मत बनवा. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. तिथे खालचा बेस निघतच नाही, किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा, फक्त टकटकाट उरतो, आणि 'नुसता गोंगाट' असा शेरा मारायला माणूस मोकळा होतो.

आवाज किती ठेवायचा? अल्बममधलं 'रिल रिल' लावून गाणं आरामात ऐकू येईल इतका ठेवा, मग त्यातलंच 'टेल एम' लावा आणि बटणाला हात लावू नका. एक सावधगिरी: ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानांसाठीचा रूढ हिशेब आहे. ९७ डेसिबलला अर्धा तासच मिळतो, म्हणजे हा अल्बम एकदा पुरता संपायच्या आत कोटा संपला.

कानावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी पाहा. सीडीवरून डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ऑडिओ) फाइल काढा, ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ प्रोग्रॅममध्ये उघडा, 'व्ह्यू' मेनूतलं 'शो क्लिपिंग' चालू करा. लाल रेघा म्हणजे कमाल पातळीला टेकलेल्या जागा. पण रेघा नाहीत म्हणून आवाज स्वच्छ, असं समजू नका: आधी फाडून नंतर किंचित खाली आणलेल्या आवाजावर रेघ येत नाही. काही मिलिसेकंद दिसतील इतकं झूम करा आणि माथे सपाट आहेत का बघा. गिटारचं फाटणं वेगळं ओळखायची खूण सोपी आहे. किक पडताच क्राउसचा आवाजही चुरगळत असेल तर अख्खं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेलं रेकॉर्डिंग, दाबलंय. गिटार खरखरते पण गळा स्वच्छ आहे, तर ती करामत गिटारच्या अ‍ॅम्पची (अ‍ॅम्प्लिफायरची). हा फरक न करता 'डिस्टॉर्शन' हा एकच शब्द वापरणारं परीक्षण, चांगलं म्हणणारं असो वा वाईट, अर्धंच धरावं.

आता दहा-बारा परीक्षणं घ्या. प्रत्येकातले आवाजाबद्दलचे शब्द एका रकान्यात, चाल आणि गाण्याबद्दलचे दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा राहिला तर लेखक धक्क्यावरच थांबलाय. मिलर आधी पॉइझन द वेल या हार्डकोर बँडमध्ये, क्राउस आधी किशोरवयीन पॉप गटात, आणि दोघांची भेट २००८ मध्ये मिलर वेटर असलेल्या रेस्टॉरंटात: ही कहाणी इतकी आयती आहे की अनेकांचे दोन परिच्छेद तिच्यातच जातात. ते वगळून उरतं किती, ते मोजा.

तारीखही पाहा. २००९ पासूनच डेमो फिरत होते. 'रिल रिल' तेव्हा 'रिंग रिंग' होतं. 'डेमोच बरे होते' ही तक्रार फाटण्याविरुद्ध नाही, ती वेगळ्या खणात ठेवा. तेव्हाच्या मैफिलीत ड्रमर नाही, बीट्स आधी रेकॉर्ड केलेले, हीसुद्धा वेगळी तक्रार. तिचा अल्बमशी संबंध नाही.

सरासरीच्या आकड्यांत मेटाक्रिटिक हे परीक्षणांचे गुण गोळा करणारं संकेतस्थळ सगळं शंभरावर आणतं आणि काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. पाचपैकी तीन तारे तिथे ६० होतात आणि 'संमिश्र'मध्ये पडतात, जरी लिहिणाऱ्याला अल्बम आवडला असला तरी. म्हणून तीन ताऱ्यांचं परीक्षण मूळ मजकुरातूनच वाचा.

चाहत्यांच्या बाबतीत प्ले-काउंटनं, म्हणजे गाणं किती वेळा वाजलं या आकड्यानं, फसायला होतं. 'रिल रिल' लोकांना आवडतं, पण ते अल्बममधलं सगळ्यात कमी फाटलेलं गाणं. त्याचा पाया फंकाडेलिक या बँडच्या १९७१ च्या 'कॅन यू गेट टू दॅट' या गाण्यातून उचललेला आहे. त्याच्या आकड्यांवरून गोंगाट आवडला असं म्हणता येत नाही. अल्बममधलंच 'क्राउन ऑन द ग्राउंड' २०१३ च्या 'द ब्लिंग रिंग' चित्रपटात वाजलं, तिथून आलेले श्रोते निराळे. आणि २०१९ मध्ये हंड्रेड गेक्स या दुसऱ्या जोडीचा पहिला अल्बम गाजल्यावर 'ट्रीट्स'कडे आलेल्यांना फाटलेला आवाज नवा नव्हताच. त्यांचे तारे २०१० च्या ताऱ्यांत मिसळले की सरासरी निघते, पण ती कोणाचीच नसते. २०१२ आणि २०१९ ला रेघ मारून तीन गठ्ठे करा. २०१२ ची रेघ 'रेन ऑफ टेरर' या दुसऱ्या अल्बमसाठी: त्याची परीक्षणंही काढा, शक्यतो त्याच प्रकाशनांची. पहिल्याबद्दल लेखकाला खरंच काय वाटलं होतं, ते पुष्कळदा तिथल्या तुलनेच्या एखाद्या वाक्यात सापडतं.