बायकोची गर्भाची पिशवी काढायला सांगितलीय? सर्जन आणि हॉस्पिटल कसं शोधायचं

पहिल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही जेमतेम पाच मिनिटं होतो. सोनोग्राफीत साडेपाच सेंटीमीटरची गाठ, हिमोग्लोबिन ८.२, हिचं वय ४३. "मुलं झालीत ना दोन? मग पिशवीचा आता काय उपयोग, सोमवारी ॲडमिट करा." आणि हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते, ही शेजारी स्टुलावर बसलेली, आणि मी आपला नंदीबैलासारखा मान हलवतोय. खाली पार्किंगमध्ये आल्यावर ही म्हणाली, पोट माझं आणि तारीख तुम्ही दोघं ठरवताय होय. लई लागलं ते. पण सर्जन कसा निवडायचा हे मला तिथंच कळलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी घाई आहे का ते बघा. पिशवीतल्या असल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात आणि पाळी गेली की सहसा आक्रसतात, त्यामुळे सोमवारच पाहिजे असं काही नसतं. पॅड तासाभरात भिजतंय, चक्कर येतीय किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलंय, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. नाहीतर पहिलं काम हिमोग्लोबिनचं. आम्ही लोहाची सलाईनं घेतली, महिन्याभरात हिला जिना चढताना दम लागायचा थांबला, आणि डोकं शांत असलं की माणूस प्रश्नही नीट विचारतो.

आणि सेकंड ओपिनियन घ्याच. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्या जातात हे २०१९ मध्ये बीडमधून बाहेर आलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. तिथं बायकांना कॅन्सरची भीती घातली जायची. शिकलेल्या घरात भीती जरा गोड भाषेत घालतात, एवढाच फरक.

दुसरा डॉक्टर पहिल्याच्या ओळखीतला नको, त्याच हॉस्पिटलमधला तर नकोच. रिपोर्टचा नुसता कागद नेऊ नका, सोनोग्राफीच्या फिल्मही न्या. आणि "त्यांनी काढायलाच सांगितलंय" हे आधीच बोलून बसू नका, आधी त्यांचं मत येऊ द्या. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर चिठ्ठीवर असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. गूगलच्या स्टारवर मी फार जात नाही, तिथं पार्किंग मिळालं नाही म्हणून पण एक स्टार देणारी लोकं आहेत. त्यापेक्षा तुमच्या फॅमिली डॉक्टरला विचारा, "तुमच्या घरातल्या बाईला कुणाकडे पाठवाल?" सोनोग्राफी करणाऱ्यांना आणि भूलतज्ज्ञांना पण खरं माहीत असतं, कुणाचा हात साफ आहे ते, कुणी ओळखीचं असेल तर गुपचूप विचारा.

केबिनमध्ये काय विचारायचं ते घरून वहीत लिहून न्या आणि वही बायकोच्या हातात द्या, तुमच्या नाही. सगळ्यात मोठा प्रश्न, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? ह्याला जो चिडतो त्याच्याकडे परत जाऊ नका. मग गोळ्या, हॉर्मोनची मिरेना (पिशवीत बसवतात ते तांबीसारखं साधन), नुसती गाठ काढणं, ह्यातलं काही चालेल का, नाही तर का नाही. आतल्या अस्तराची तपासणी झालीय का. अंडाशय ठेवणार की काढणार, हे तर स्पष्ट विचाराच, कारण दोन्ही काढली तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो, अंगातून वाफा, पुढे हाडं ठिसूळ, आणि बऱ्याच घरात हे बायकोला ऑपरेशननंतर कळतं. दुर्बिणीतून, खालून की पोट उघडून? महिन्याला अशी किती करता? चाकू तुम्ही स्वतः धरणार की ज्युनियर? रात्री काही झालं तर कोण येणार?

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, पण बाई म्हणून चांगल्या असं नाही, आधी एक बाई डॉक्टर पण आमच्यावर खेकसल्या होत्या. ह्यांनी खुर्ची हिच्याकडे फिरवली आणि विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" ही बोलायला लागली आणि मी मध्येच "मॅडम, तिला ना" करून तोंड घातलं, तर त्या म्हणाल्या, सर, त्यांना बोलू द्या. झालं, सर्जन ठरला.

हॉस्पिटल बघायचं तर रिसेप्शन बघू नका, संध्याकाळी सात-आठला वॉर्डच्या मजल्यावर जाऊन बाकड्यावर बसा. बेल वाजल्यावर सिस्टर किती वेळात उठते, मावशी पेशंटशी कशा बोलतात, लघवीची नळी बघताना पडदा ओढतात का. बाहेर चहाच्या टपरीवर नातेवाईक मोकळं बोलतात, बिलाचं पण. बायकांच्या जनरल वॉर्डमध्ये बऱ्याच ठिकाणी रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, तेव्हा बहीण, नणंद, कोण राहणार ते आधीच ठरवा, आमची ऐन वेळी पळापळ झाली.

पैशाचं थोडक्यात. एस्टिमेट लेखी घ्या, त्यात औषधं, भूल, बायोप्सी धरलीय का बघा. पॉलिसीत रूमची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतली तर नुसतं रूमभाडंच नाही, बाकीच्या बिलाचाही बराच भाग त्या प्रमाणात कापतात. नवीन पॉलिसीत फायब्रॉइडला बऱ्याचदा दोन वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर क्लेम मिळत नाही. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, काउंटरवर "शिल्लक नाही" म्हणाले तरी समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आमचं पुढं काय झालं, तर आठ महिने मिरेना ठेवली, पण ब्लीडिंग हटेना, शेवटी हिनंच सांगितलं, काढून टाकू. दुर्बिणीतून झालं, अंडाशयं ठेवली. दुसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागला तर मी घाबरलो, सिस्टरनं समजावलं की पोटात भरलेल्या गॅसमुळं होतं, आणि समजावताना ती हिच्याकडे बघून बोलत होती.

डिस्चार्जच्या वेळी समरी, ऑपरेशनची नोट मागून घ्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट कधी येणार ती तारीख लिहून घ्या, तो रिपोर्ट आणायला लोकं विसरतात. सहा आठवडे जड उचलायचं नाही. जड म्हणजे काय असं मी विचारलं होतं, मॅडम म्हणाल्या भरलेली बादली, गव्हाचा डबा, पाचलिटरी कुकर. मग स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, आणि कुकरची रिंग कुठली कशाला लागते हे मला लग्नाला १९ वर्षं झाल्यावर कळलं.