थंड हवेत गावरान टोमॅटो कसे पिकवावेत

स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये ऐन जुलैत दुपारी सरासरी १९ अंश तापमान असतं आणि रात्री ते ११ पर्यंत उतरतं. नाशिककडे अशा रात्री डिसेंबरात असतात. तरीही इथे एडिनबरात उघड्यावर टोमॅटो पिकतो. सगळं अडतं ते वाण आणि रात्रीच्या थंडीवर.

वाण

हेअरलूम म्हणजे आपल्या गावरान वाणांसारखेच, पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेले. पहिल्या वर्षी मी मोठ्या फळाच्या मोहाने ब्रँडीवाइन लावला. झाडं खांद्याला लागली, पण सप्टेंबर संपला तरी फळं हिरवीच. लावणीनंतर ८० दिवसांहून जास्त ऊब मागणारा वाण तो, इथे त्याला ती मिळत नाही. चेक देशातला स्तुपित्से मात्र उबदार हवेत साधारण ६० दिवसांत लाल होतो. इथे आणखी दोन-तीन आठवडे धरा. फळ लहान, पण आमटीत एक पडला तरी चव कळते. जोडीला चेरी टोमॅटोचा गार्डनर्स डिलाइट आणि जुना इंग्लिश हार्बिंजर लावा. हार्बिंजर तोडल्यावर घरातही छान पिकतो, म्हणून तो हवाच.

रोपं

मार्चच्या मध्याला घरातच बी टाका. उगवायला २० ते २५ अंश ऊब लागते. खिडकीची कड तेव्हा गार असते, म्हणून मी ट्रे फ्रिजवर ठेवते. कोंब दिसताच मात्र ट्रे खिडकीत न्या. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपं उजेडासाठी ताणून लुळी पडतात.

लावणी

घाई इथेच नडते. थंडीचा कडाका गेला तरी रात्री १० अंशांच्या वर स्थिरावेपर्यंत थांबा. इथे त्याला जून उजाडतो. त्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून काटक करा. जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत निवडा. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडत राहतो.

रोप काढाल तेव्हा खोडाकडे जवळून पाहा. त्यावर बारीक लव असते आणि बुडाशी कधी कधी पांढरे टिपके. ती फुटू पाहणारी मुळं. म्हणून खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत गाडा, मुळांचा पसारा वाढतो. लगेच काठी रोवून सुतळीने सैल बांधा.

फुलं आणि फळं

रात्री १३ अंशांच्या खाली गेल्या की परागीभवन बिघडतं आणि फूल देठापासून गळतं. गार रात्रीचा अंदाज असेल तर झाडांवर बागकामाचं पांढरं पातळ कापड पांघरा. कोरड्या दुपारी फुलांच्या घोसामागे बोटाने हलकी टिचकी मारा. उन्हात पिवळी धूळ उडताना दिसली की काम झालं.

पानाच्या बेचक्यातले फुटवे दर आठवड्याला खुडा. चार घोस धरले की ऑगस्टच्या सुरुवातीला शेंडा मोडा. नवीन फुलांची फळं आता पिकणार नाहीत, ती झाडाची ताकद मात्र खातील. पाणी सकाळी, बुडाशी आणि नेमाने द्या. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की फळाचा तळ काळा पडतो.

दमट, गार हवेत खरा शत्रू उशिराचा करपा. पानांवर तेलकट डाग, मग खोडावर तपकिरी पट्टे. एकदा धरला की झाड वाचत नाही. खालची पानं काढून हवा खेळती ठेवा आणि रोगट झाड त्याच दिवशी उपटा. ते कंपोस्टात नको.

शेवटची तोडणी

सप्टेंबरच्या अखेरीस उरलेली निरोगी फळं उतरवा. लाल रंगाला २० अंशांच्या आसपासची ऊब लागते, ती आता घरातच आहे. खोक्यात एक पिकलं केळं ठेवून झाका. अगदी कच्ची फळं तीळ-शेंगदाणे घालून हिरव्या चटणीला.

बियांसाठी सगळ्यात आधी पिकलेलं, सुबक फळ राखा. गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुवा आणि बी चिनीमातीच्या बशीत वाळवा. कागदावर वाळवलं तर ते चिकटून बसतं. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून कोरड्या, गार जागी ठेवा.