सॉफ्टवेअरच्या मदत-लेखांत नेमकं उत्तर कसं शोधावं

म्हापशाच्या बाजारातलं एखादं दुकान घ्या. बिलिंगचा संगणक काउंटरवर, प्रिंटर आतल्या खोलीतल्या संगणकाला जोडून शेअर केलेला. बिल छापायला गेलं की एरर. अशा वेळी शोधात 'प्रिंटर चालत नाही' लिहिलं तर शाई, कागद, वायफाय असल्या सगळ्या विषयांचे लेख समोर येतात आणि हवा तो त्यात हरवतो.

सुरुवात एरर कोडपासून करा. समजा तो ०एक्स०००००११बी आहे. एक्सनंतर पाच शून्यं. एक जरी गळलं तरी हाती काही लागत नाही. एक्सनंतर अंक आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात, म्हणून गोल दिसतं ते 'ओ' नव्हे, शून्यच. विंडोजच्या बऱ्याच संदेश-चौकटींत कंट्रोल-सी दाबलं की मजकूर कॉपी होतो. टाइप करण्यापेक्षा तेच बरं.

कोड नसेल तर संदेशातले सलग चार-पाच शब्द दुहेरी अवतरणात टाका. त्यातलं संगणकाचं नाव, फाइलचा पत्ता, तारीख मात्र काढून टाका. ते फक्त तुमच्याच मशीनवर असतं, कुठल्याही लेखात सापडणार नाही.

निकाल फार आले तर सॉफ्टवेअरचं नाव जोडा, मग आवृत्ती. विंडोजची आवृत्ती विंडोज-आर दाबून 'विनव्हर' चालवलं की दिसते. काहीच आलं नाही तर आधी अवतरण काढा, मग आवृत्ती. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने अडलं ते कळतं.

लेख सापडला की लगेच उपाय करू नका. तो कोणत्या आवृत्तीला लागू आहे आणि कारण काय दिलंय ते आधी वाचा. वरचा कोड सप्टेंबर २०२१च्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांना दिसू लागला. अपडेट काढा किंवा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींतली, एक नोंद शून्य करा, असे उपाय इंटरनेटवर भरपूर आहेत. छपाई सुरू होते, पण ज्या संरक्षणासाठी अपडेट आलं तेच बंद पडतं. म्हणून कोडसोबत अपडेटचा क्रमांक, इथे केबी५००५५६५, टाकून कंपनीचाच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा, लेख शोधा. आधी दोन्ही संगणक पूर्ण अपडेट करून पाहा.

कंपनीच्या पानावरचा शोध कच्चा असेल तर गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', कोलन आणि त्या पानाचा पत्ता लिहून पुढे कोड द्या. कोलननंतर जागा सोडू नका, नाहीतर शोध त्या पत्त्यापुरता राहत नाही.