रुईच्या गठाणी कंटेनरमध्ये मशीननं भरताना: जिनिंगच्या आवारापासून जहाजाच्या क्रेनपर्यंत

हिंगणघाट, वणी किंवा अकोटच्या जिनिंगमधून (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारा कारखाना) निघालेली रुई समुद्रापार जाते तेव्हा न्हावाशेव्याच्या धक्क्यावर गठाणीला कुणाचाही हात लागत नाही. क्रेन फक्त पेटी, म्हणजे कंटेनर, उचलते, तीही वरच्या चार कोपऱ्यांना धरून. आत गाठी कशा बसल्यात हे क्रेनवाल्याला दिसत नाही आणि त्याला ते बघायचंही नसतं. म्हणून जहाज भरण्याचं अर्धं काम विदर्भातल्या आवारातच होतं, आणि इथली चूक तिकडे दुरुस्त होत नाही.

मशीन घेण्याआधी टेप आणि वजनकाटा घ्या. आपली गाठ १७० किलोची धरतात, पण खरं वजन १५५ ते १७५ च्या मध्ये कुठंही असतं. माप साधारण १०५ × ६३ × ५३ सेंटिमीटर. प्रेसप्रमाणे (गाठ दाबणाऱ्या यंत्राप्रमाणे) ते बदलतं आणि पट्ट्या बसल्यावर गाठ आणखी दीड-दोन सेंटिमीटर फुगते. आपल्या प्रेसमधून निघालेल्या दहा गाठी मोजून सरासरी काढा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर उभा राहतो.

४० फुटी हाय-क्यूब (जास्त उंचीचा) कंटेनर आतून सुमारे १२.०३ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.६९ मीटर उंच असतो. दाराची उंची मात्र २.५८ मीटरच. गाठीची लांब बाजू रुंदीत घातली तर एका ओळीत दोन गाठी बसतात (२.१० मीटर). ६३ ची बाजू लांबीत ठेवली तर कागदावर १९ ओळी येतात, पण फुगवट्यामुळे प्रत्यक्षात १८ च. ५३ ची बाजू उंचीत, चार थर. म्हणजे १८ × २ × ४ = १४४ गाठी, सुमारे साडेचोवीस टन. गाठ उलटी फिरवून ५३ ची बाजू लांबीत आणि ६३ ची उंचीत घातली तर २२ ओळी होतात आणि १७६ गाठी आत मावतात. पण ते वजन होतं जवळपास ३० टन, आणि तिथंच फसगत होते. रुईच्या बाबतीत जागा संपण्याआधी वजन संपतं. कंटेनरच्या दारावर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं (बऱ्याच पेट्यांवर ३०,४८० किलो) आणि पेटीचं स्वतःचं वजनही, साधारण ३,८०० ते ३,९०० किलो. त्यात ट्रेलरच्या आरसीवरची मर्यादा वेगळी, रेल्वेची वेगळी. सगळ्यांत लहान आकडा आपला.

मशीन कोणतं

दोन ते अडीच टनी फोर्कलिफ्ट, पुढे काट्यांऐवजी बेल क्लॅम्प, म्हणजे दोन्ही बाजूंनी गाठ दाबून धरणारे हायड्रॉलिक पंजे. दोन गाठींचं वजन ३४० किलोच आहे, मग एवढं मशीन कशाला, असा प्रश्न येतो. क्लॅम्पचं स्वतःचं वजन पाच-सहाशे किलो असतं आणि त्यामुळे माल पुढच्या चाकांपासून आणखी लांब जातो. मशीनच्या पाटीवर लिहिलेली क्षमता काट्यांसाठी असते. क्लॅम्प बसवल्यावर ती घटते, आणि घटलेल्या क्षमतेची पाटी विक्रेत्याकडून मागून घ्यायची. दुसऱ्या टोकाला, तीन टनांच्या पुढचं मशीन कंटेनरात घालू नका. आतली फळी ठरावीक धुराभारापर्यंतच टिकते, आणि भरलेल्या फोर्कलिफ्टचं बहुतेक वजन पुढच्या धुऱ्यावर येतं. फळी खचली की नुकसानभरपाई पेटीत माल भरणाऱ्याच्या नावावर.

मास्ट, म्हणजे माल वर नेणारा पुढचा उभा खांब, फुल फ्री-लिफ्टचा हवा. साध्या मास्टमध्ये माल उचलताना मास्टही वर सरकतो आणि चौथा थर लावताना छताला भिडतो. फ्री-लिफ्टमध्ये आधी फक्त गाडा वर जातो. हा फरक मशीन भाड्यानं ठरवतानाच विचारा, कारण आवारात मशीन आल्यावर उपाय नसतो.

बॅटरीवर चालणारं मशीन उत्तम. डिझेल असेल तर धुरांड्याला ठिणगी रोखणारी जाळी हवीच, आणि बारा मीटरच्या बंद नळकांड्यात धूर साचतो म्हणून दारात मोठा पंखा लावावा. बॅटरीला रात्रभर सलग वीज लागते. भारनियमनाचं वेळापत्रक बघून चार्जिंग ठरवा.

क्लॅम्पचा दाब हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. जास्त झाला तर पट्टी तुटते, कमी झाला तर खालची गाठ निसटते. दोन गाठी एकावर एक धरून उचलायच्या, फूटभर वर घेऊन एक मिनिट थांबायचं. खालची गाठ सरकली नाही तर तोच दाब रिलीफ व्हॉल्व्हवर (दाबाची मर्यादा ठरवणारी झडप) पक्का करा आणि चालकाला नंतर हात लावू देऊ नका. पंज्याचा रबर बकलावर येता कामा नये. बकल दबलं की पट्टी तिथंच सुटते, आणि सुटलेली पट्टी चाबकासारखी येते. पट्टी तुटलेली गाठ आत कोंबायची नाही. ती प्रेसकडे परत.

रॅम्प आणि काळी माती

ट्रेलरवरच्या कंटेनरची फळी जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच असते. पक्का धक्का नसेल तर चाकांचा लोखंडी रॅम्प लागतो: ८ ते १० टन क्षमता, चढाची लांबी नऊ मीटरच्या आसपास आणि वर किमान दोन मीटर सपाट भाग. सपाट भाग नसला तर फोर्कलिफ्ट तिरकी असतानाच आत शिरते आणि मास्ट दाराच्या चौकटीवर आदळतो.

आपल्याकडे अडचण मातीची. काळी माती दिवाळीनंतर भेगाळते आणि पावसात फुगते. रॅम्पचे पाय सरळ मातीवर ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक पाय खचलेला असतो. काँक्रीट नसेल तर प्रत्येक पायाखाली जाड लोखंडी पत्रा आणि त्याखाली रेल्वेचे जुने स्लीपर ठेवा. फोर्कलिफ्टच्या भरीव टायरला मुरमाचा रस्ताही पुरत नाही; गाठींच्या थप्पीपासून रॅम्पपर्यंतची पट्टी तरी काँक्रीटची करून घ्यावी.

रॅम्पच्या साखळ्या कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यांत अडकवायच्या. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावून चाकांना पुढून-मागून पाचरी मारायच्या. गाडीची किल्ली चालकाकडून घेऊन मुकादमाच्या खिशात ठेवायची. ट्रक पुढे सरकतो आणि फोर्कलिफ्ट रॅम्प नि कंटेनरमधल्या फटीत पडते, तो अपघात या एका किल्लीनं टळतो. घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रक) सोडून नुसता ट्रेलर उभा असेल तर समोरच्या टोकाखाली जॅक लावल्याशिवाय आत मशीन नेऊ नका. पहिल्या फेरीत सगळं वजन पुढच्या टोकाला जातं आणि ट्रेलर नाकावर बसतो.

चढताना माल चढाच्या बाजूला, उतरताना मशीन उलटं. रिकाम्या मशीनला हा नियम उलटा लागू होतो.

भरण्याआधी रिकामा कंटेनर

एक माणूस आत जाऊन दारं बाहेरून लावून घ्यायची. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर पेटी परत. फळी ओली, तेलकट, किंवा खतासारखा वास येणारी असेल तरीही परत. रुईला तेल लागणं म्हणजे नुसता डाग नव्हे; तेल शोषलेली रुई स्वतःहून तापते. वर आलेले खिळे ठोकून घ्या. मे महिन्यात दुपारी पेटीच्या आत माणूस टिकत नाही, म्हणून तपासणी आणि भरणी दोन्ही पहाटे सुरू करा.

आगीबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठेवायच्या. ओली रुई जहाजाच्या नियमांत धोकादायक माल ठरते (धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन १३६५). कोरडी रुई बंद पेटीत साधा माल म्हणून जाते ती एका अटीवर: रुईच्या गाठींच्या आयएसओ ८११५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घनता घनमीटरला किमान ३६० किलो हवी. वरच्या मापाची १७० किलोची गाठ ४८५ च्या आसपास येते, म्हणजे पास. सैल दाबलेली, फुगलेली गाठ मात्र या हिशेबातून निसटू शकते. ओलावा ८ टक्क्यांच्या आत ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त घातक. जिनमध्ये ठिणगी पडून ती रुईसोबत प्रेसमध्ये गेली, तर गाठ आतल्या आत कित्येक दिवस धुमसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. जिनला आग लागली किंवा धूर दिसला त्या पाळीतल्या गाठी वेगळ्या काढून, थप्पीपासून दूर, उघड्यावर निदान पाच दिवस नजरेखाली ठेवा. अशी एक गाठ समुद्रात निघालेल्या पेटीत गेली तर विझवायला कुणी नसतं.

रचण्याचा क्रम

समोरच्या भिंतीपासून सुरुवात. डावीकडे दोन गाठींची जोडी, त्यावर दुसरी जोडी, मग उजवीकडे तसंच. एक ओळ चार थरांपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय पुढची धरायची नाही. आधी सगळा तळ भरून मग वरचे थर लावायला गेलं तर मशीनला आत पोचायला वाटच उरत नाही. १४४ गाठी म्हणजे जोडीनं ७२ फेऱ्या. फेरीला अडीच मिनिटं धरली तर तीन तास. हमालांच्या पाठीवर हे काम दिवसभर चालतं, आणि लोखंडी आकड्यांनी वेष्टन फाटतं ते वेगळं. मशीन आलं तरी आत दोन माणसं लागतातच, पण फोर्कलिफ्ट आत असताना ती बाहेर.

२.३५ मीटर रुंदीत गाठी २.१० मीटर. पंज्यांना जागा लागते म्हणून ही फट उपयोगाची, पण पुढे हीच त्रास देते. कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे कोणत्याही आडव्या दिशेत रिकाम्या फटींची बेरीज १५ सेंटिमीटरच्या पुढे नको. खवळलेल्या समुद्रात जहाज डोलतं तेव्हा मालावर बाजूनं वजनाच्या ०.८ पटीपर्यंत जोर धरावा लागतो. साडेचोवीस टनांच्या मालाला तो जोर जवळपास वीस टन. म्हणून डाव्या-उजव्या रांगा भिंतींना टेकवून मधल्या फटीत हवेच्या पिशव्या फुगवायच्या, पिशवीवर छापलेल्या दाबापर्यंतच.

दाराशी साधारण ४० सेंटिमीटर जागा उरते. तिथं हवेची पिशवी लावू नका. दार उघडलं की ती दाराला आणि माणसाला फेकते. कोपऱ्याच्या खांबांवरच्या कड्यांतून पट्टे तिरपे ताणा किंवा जाळी बांधा. लाकडी टेका द्यायचा असेल तर आवारातली बाभळीची फळी चालत नाही. परदेशात जाणारं लाकूड ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं आणि आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड रोखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) शिक्का असलेलं लागतं. शिक्का नसलेल्या एका फळीपायी अख्खी पेटी तिकडच्या बंदरात अडते.

समतोल तपासून घ्या: सगळ्या मालाचा गुरुत्वमध्य पेटीच्या मध्यापासून लांबीच्या ५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे ६० सेंटिमीटर. दाराशी ४० ची फट राहिली तर मध्य फक्त २० सेंटिमीटर समोर सरकतो, चालतं. पण गाठी कमी पडल्या म्हणून शेवटच्या सहा ओळी रिकाम्या सोडल्या, तर तो जवळपास दोन मीटर सरकतो. तेव्हा सगळ्या ओळी ठेवून वरचा थर कमी करायचा.

हे सगळं कशासाठी ते धक्क्यावर कळतं. क्रेनचा स्प्रेडर (पेटी धरणारी चौकट) पेटीवर उतरतो, त्याचे चार ट्विस्टलॉक (फिरणारे खिट्टे) वरच्या कोपऱ्यांत शिरून ९० अंशांत फिरतात आणि पेटी उचलली जाते. वजन एकीकडे असेल तर पेटी तिरकी लोंबकळते आणि जहाजाच्या पोटातल्या उभ्या मार्गिकांत अडकते. रचना बिघडू नये म्हणून जहाजावर जड पेट्या खाली, हलक्या वर ठेवतात, आणि ते ठरतं आपण दिलेल्या वजनावरून.

म्हणून वजनाचा कागद. १ जुलै २०१६ पासून पेटीचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय पेटी जहाजावर चढत नाही. दोन पद्धती आहेत: भरलेली पेटी धरमकाट्यावर तोलणं (ट्रक, ट्रेलर आणि टाकीतलं डिझेल वजा करून), किंवा प्रत्येक गाठीचं वजन, पिशव्या-पट्टे आणि पेटीचं वजन यांची बेरीज. उदाहरणार्थ, इथं सोयीसाठी वरचाच सरासरी आकडा धरून, २४,४८० + ६० + ३,९०० = २८,४४० किलो. खऱ्या कागदावर मात्र बेरजेत १७० गुणिले १४४ लिहू नका, गाठीवरच्या चिठ्ठ्यांची वजनं जोडा. दोन्ही पद्धतींनी काढून बघा. तीन-चारशे किलोंचा फरक आला तर बहुतेक गाठ मोजण्यात चूक असते.

दारं लावताना आधी डावं, मग उजवं. बोल्ट सील उजव्या दारावर. बंद करण्यापूर्वी शोषक पिशव्या वरच्या कड्यांना टांगा, कारण दिवसा तापलेली पेटी समुद्रावर रात्री आतून घामेजते. प्रत्येक चार ओळींनंतर आणि शेवटी दाराचा, पेटीच्या क्रमांकासह फोटो काढून ठेवा. बांगलादेशातल्या चट्टग्रामला पेटी उघडल्यावर गाठी फाटलेल्या निघाल्या तर वाद या फोटोंवरच मिटतो.

तांदूळ

गोंदिया-भंडाऱ्याच्या तांदळाला क्लॅम्प चालत नाही, तिथं पट्टा कन्व्हेयर. पेटीही २० फुटी पुरते, कारण पंचवीस-सव्वीस टनांत वजन संपतं. साध्या सपाट पट्ट्याचा चढ २५ अंशांच्या आत ठेवा. त्यापुढे प्लास्टिकचं पोतं घसरतं, विशेषतः पट्ट्यावर कोंडा साचला की. पट्टा एका बाजूला पळत असेल तर शेपटाकडचा रोलर त्याच बाजूला थोडा ताणायचा, एका वेळी पाव फेरी, आणि दोन-तीन मिनिटं रिकामा चालवून बघायचं. काकीनाड्यासारख्या बंदरातून तांदूळ सुट्या पोत्यांतही जातो. तिथं पोती रुंद पट्ट्यांच्या स्लिंगमध्ये (झोळीत) रचून जहाजाच्या डेरिकनं (जहाजावरच्याच क्रेननं) उचलतात, आणि स्लिंगच्या कडेचं कमकुवत शिवणीचं पोतंच सगळ्यांत आधी फाटतं. शिवण दुहेरी घ्या.